जुन्या पानावरचा खिळा ओळखायचाय : ॲप बरं की कापलेल्या अक्षरांचा तक्ता?

२०१९ च्या पुरात सांगलीत गावभागातल्या घरी पाणी शिरलं त्यात आजोबांच्या अभंगांच्या पुस्तिकेचं मुखपृष्ठ गेलं, म्हणजे छापखाना आणि साल दोन्ही गेलं. राहिली आतली पानं, तीही डागाळलेली. मग अक्षराच्या वळणावरून, म्हणजे पानं कुठल्या खिळ्यांनी (छपाईच्या शिशाच्या सुट्या अक्षरांनी) छापलीत त्यावरून, काही कळतंय का बघायला दोन्ही मार्ग करून पाहिले: फोटोवरून फॉन्ट ओळखणारं ॲप, आणि पानांवरची अक्षरं कापून शेजारी लावलेला तक्ता.

ॲपनं सोपं पडतं, नाही म्हणत नाही. फोटो काढा, शब्दाभोवती चौकट ओढा, उत्तर हजर. ठसठशीत हेडिंग किंवा अलीकडची छपाई असेल तर खुशाल वापरा. माझ्याकडं पान ४ ला एक नाव आलं, पान २१ ला दुसरंच, आणि दोन्ही कॉम्प्युटरचे फॉन्ट! शिशाच्या खिळ्यांनी छापलेलं पान हो ते.

तेही चालवून घेतलं असतं, पण डोकं फिरलं ते त्याच्या साफसफाईनं. ओळखायच्या आधीच ते चित्र पांढरं-काळं करतं, शिरोरेघेतल्या फटी बुजवतं, तुटका रफार डाग समजून पुसतं. आणि आपल्याला हवं असतं नेमकं तेच, कारण हातानं खिळे जुळवायच्या छपाईत अखंड आणि डिग्री असे दोन प्रकार, अखंडमध्ये अक्षर मात्रेसकट एकाच खिळ्यावर ओतलेलं, त्यामुळं 'के' कुठल्याही पानावर बघा, मात्रा तिथंच. डिग्रीत मात्रा वेगळी येऊन बसते, कधी केसभर डावीकडं, कधी मधे फट, आणि खिळ्याबाहेर लोंबणारा नाजूक भाग आधी मोडतो. ही फट पुसली तर उरलं काय?

तक्त्याला वेळ लागतो. ६०० डीपीआयला ग्रे स्कॅन (मोबाइलचा फोटो नको, कडेला अक्षरं तिरकी होतात), मग एकेका अक्षराचे वेगवेगळ्या पानांवरचे आठ-दहा तुकडे कापून शेजारी लावायचे. सगळ्यांत सारखं दिसेल तो खिळा, बाकी शाई, दाब आणि कृष्णामाईचं पाणी. अ, झ, ण, क्ष आणि ५, ८, ९ हे आकडे घ्या, र-न मध्ये फार वेळ घालवू नका. ओळींची उंची मोजून पॉइंट (खिळ्याचं माप) काढायलाही गेलो होतो, पण ओळींमधे अंतर ठेवायला शिसपट्ट्या घातल्या असतील तर तो हिशोब फसतो.

पहिल्या तक्त्याला दोन रविवार गेले. पण त्यातच पान ५ वरचा पाय मोडका 'ण' पान १३ वर परत सापडला, म्हणजे आठ पानांचा फर्मा (एका वेळी छापायची पानं) छापून खिळे सुटे केले आणि पुढच्या फर्म्याला पुन्हा लावले, खिळे कमी म्हणजे बहुतेक छोटा छापखाना असणार. असलं काही ॲप सांगत नाही.

ताडून बघायला तारीख असलेलं छापील काहीही चालतं. आपल्या भागात १९२० ला किर्लोस्करवाडीहून सुरू झालेल्या 'किर्लोस्कर' मासिकाचे जुने अंक कुणाच्या माळ्यावर असतील तर उत्तम, प्रत्येक अंकावर महिना-साल असतं. माझी पानं मला निर्णयसागर वळणाची वाटतात, म्हणजे जावजी दादाजींनी १८६९ मध्ये मुंबईत काढलेला तो छापखाना. पण वळण कळलं म्हणून छापखाना कळला असं नाही, एकाच फाउंड्रीचे (खिळे ओतायच्या कारखान्याचे) खिळे गावोगावी जायचे.

घाई असेल तर ॲप घ्या, माझी काही हरकत नाही. मी ते अजून काढलेलं नाही, बायको लग्नपत्रिकांचे फॉन्ट शोधते त्यावर.