दर जास्त मिळाला म्हणून खूश होतो, मापात गेलो

झाडं तोडायला द्यायचा विचार असेल तर हे आधी वाचा. मला ज्याने फसवलं त्याने दरात एक पैसा कमी केला नव्हता, उलट सगळ्यात जास्त दर त्याचाच होता.

वडिलांनी लावलेली झाडं, 200 च्या वर, त्यातली 140 काढायची ठरली, परवानगी वगैरे सगळं झालेलं. तीन व्यापारी बघून गेले. दोघांचा घनफुटाचा दर साधारण सारखाच, समजा 100, आणि या तिसऱ्याने सांगितला 115. वर बोलणं एकदम गोड, "दादा, टेप तुमच्यासमोरच लावणार, वही पण तुमचीच". आणि खरंच समोर लावला हो. तो आकडे सांगत होता, मी लिहीत होतो, म्हणजे माझी फसवणूक माझ्याच अक्षरात लिहिलेली आहे घरात.

आता गोम कुठे होती ते सांगतो. 20 फुटी ओंडका घ्या, मध्यावर घेर 4 फूट. गोल लाकडाचं खरं घनफळ काढलं तर साडेपंचवीस घनफूट येतं. पण लाकडाच्या धंद्यात एक जुनी पद्धत आहे, हॉपस म्हणतात, घेराचा चौथा भाग करायचा, त्याचा वर्ग आणि गुणिले लांबी. त्याने तोच ओंडका भरतो 20 घनफूट. खऱ्याच्या साडेअठ्ठ्याहत्तर टक्केच. ही पद्धत म्हणजे काही चोरी नाही, चिरताना जे वाया जातं ते आधीच वजा धरलेलं असतं आणि दर त्या हिशोबानेच सांगतात. पण बाकीचे दोघं खऱ्या घनफळावर दर देत होते आणि हा या मापावर, आणि मी दोन्ही दर शेजारी शेजारी ठेवून तुलना केली. विचारलंच नाही की बाबा तुझा घनफूट कुठला.

एवढ्यावर थांबला असता तरी खऱ्या घनफुटामागे 100 चे 90 हातात आले असते. पण घेर मध्यावर घ्यायचा सोडून टेप शेंड्याकडच्या बारीक टोकाला लावत होता. मध्यावर 48 इंच असेल तर तिकडे 40 भरायचे, मग तोच ओंडका 14 घनफुटाच्याही आत. लांबी 20 फूट 10 इंच असली तर वरचे 10 इंच सोडून द्यायचे. टेप कापडी, वापरून वापरून ताणलेला, तो कमीच दाखवणार. लांबी आणि टेपचं सोडून नुसतं घेराचं आणि पद्धतीचं धरलं तरी 115 वाल्याकडून मला 63 च्या आसपासच पडले, आणि हे कळलं कधी तर आतेभाऊ आला होता, तो सॉ मिलमध्ये काम करायचा, त्याने वही चाळली आणि पहिलाच प्रश्न विचारला, घेर कुठला घेतलास? मी गप्प.

दुसरी चूक मार्किंगची. तोडायच्या झाडांना छातीच्या उंचीवर रंगाचा पट्टा मारला होता, लांबून छान दिसायचा. झाड पडलं की पट्टा ओंडक्याबरोबर गाडीत. नंतर खुंट मोजले तर खुणेची जेवढी गेली त्यापेक्षा 9 जास्त, आणि सगळे जाडजूड. भांडायला गेलो तर म्हणाला, दादा, तुम्हीच मार्क केली असतील. काय सिद्ध करणार? खाली बुंध्याला, करवत चालते त्याच्याही खाली, दुसरी खूण आणि नंबर मारला असता तर ती खुंटावर राहिली असती. दोन रुपयाचा रंग वाचवला मी.

फाट्यांचं जळाऊ वजनावर ठरलं होतं, ते त्याने दोन महिने तसंच पडू दिलं. ओलं लाकूड वाळलं की किती हलकं होतं ते वेगळं सांगायला नको, मग काटा केला.

पण खरी पस्तावायची गोष्ट म्हणजे कामाचा क्रम मी त्याच्यावर सोडला. रस्त्यालगतची सरळ, जाड झाडं आधी पाडली, नेली. उतारावरची वाकडी, बारीक 40 एक झाडं मागे ठेवली, "नंतर बघू" म्हणाला. कराराच्या कागदावर (कागद कसला, वहीचं पान) शेवटची तारीख नाही, अमुक भागातली झाडं संपल्याशिवाय पुढच्या भागाला हात लावायचा नाही असं काही नाही, आणि पैसे गाडीगणिक मिळत होते म्हणून मीही निवांत. मजुराला काही झालं असतं तर जबाबदारी कोणाची हेसुद्धा लिहिलेलं नव्हतं, आता आठवलं तरी पोटात गोळा येतो.

उरलेली 40 कोणी घेईना, एवढ्याशा मालासाठी गाडी आणि माणसं परवडत नाहीत म्हणतात. तरी मी सगळ्यांना नंबर टाकलेत, वर खाली दोन्हीकडे, साडेचार फुटावर घेर घेऊन वहीत लिहिलेत, स्टीलचा टेप आणलाय. परवा एकजण येऊन बघून गेला. दर चांगला बोलला. मी म्हटलं, घेर मधला धरणार की शेंड्याचा, आणि घनफूट खरा की चौथाईचा? तो म्हणाला, विचार करून फोन करतो. अजून काही फोन आलेला नाही.