कोल्ट नेव्ही, ब्यूमाँट-ॲडम्स की वेब्ली? पुण्यात राहून घ्यायचं तर काय घ्यावं

इंग्रजांच्या आरमाराशी नातं असलेलं जुनं रिव्हॉल्वर घ्यायचंय म्हटलं की फिरून फिरून तीन नावं येतात, कोल्टचं १८५१ नेव्ही, ब्यूमाँट-ॲडम्स आणि वेब्ली मार्क वन.

आधी कायद्याचं बघू, कारण अर्धा निकाल तिथेच लागतो. "शंभर वर्षं जुनंय, लायसन कशाला" असं छातीठोक सांगणारे पुण्यात भरपूर भेटतील. आर्म्स ॲक्टचं कलम ४५ वाचा, जुन्या पद्धतीच्या हत्याराला सूट आहे पण ते दुरुस्त करूनसुद्धा चालवता येणार नाही असं असेल तरच. म्हणजे चांगल्या कंडिशनमधलं कोल्ट, ज्याच्यासाठी तुम्ही एवढे पैसे टाकणार, ते कायद्याला बंदूकच. २०१९ पासून एका माणसाला दोनच हत्यारं, त्यामुळे घरात वारसाने आलेली डबल बॅरल असेल तर एकच जागा उरली. परदेशातल्या लिलावात बोली जिंकाल हो, पण इम्पोर्ट लायसनशिवाय ते इथे उतरवता येत नाही.

वेब्ली इथेच मागे पडतं. १८८७ ला ब्रिटिशांनी स्वीकारलेलं, बर्मिंगहॅमचं, मधून मोडून उघडणारं दणकट काम, आरमाराकडे गेलेल्यांवर एन असा छाप सापडतो, सगळं छान. पण त्याचं नळीच्या भोकाचं माप .४५५ इंच म्हणजे प्रोहिबिटेड बोअर, साध्या लायसनवर न मिळणारं, प्रकरण थेट दिल्लीला गृहमंत्रालयात जातं. शिवाय वायव्य सरहद्दीकडे हाताने बनवलेल्या नकला एवढ्या फिरतात की शिक्क्यातलं एखादं अक्षर उलटं दिसलं तर तिथूनच मागे फिरा.

राहिली दोन. कोल्ट सगळ्यांना हवं असतं कारण दिसायला देखणं, .३६ कॅलिबर, सहा बार आणि सिलिंडरवर, म्हणजे गोळ्या भरायच्या फिरत्या चक्रावर, १८४३ च्या कॅम्पेचेच्या लढाईतली जहाजं कोरलेली. ती लढाई टेक्सासच्या आरमाराची, आपल्या समुद्राशी तिचा काडीचा संबंध नाही, आणि नावात नेव्ही आहे म्हणून ते बोटीवर होतं असंही नाही. आपल्या कामाचं ते लंडनचं. १८५३ ते १८५६ एवढाच काळ लंडनमधल्या पिमलिकोला कोल्टचा कारखाना चालला, साधारण ४२ हजार नग निघाले आणि त्यातली बरीच क्रिमियाच्या युद्धाच्या वेळी ब्रिटिश सरकारने आरमारासाठी अन् फौजेसाठी घेतली. नळीवर लंडनचा पत्ता, प्रूफचे म्हणजे चाचणीत पास झाल्याचे शिक्के आणि सरकारी असेल तर बाणाचा छाप, एवढं दिसलं पाहिजे. भिंग घेऊन सिलिंडर सावकाश फिरवा, हाताळून हाताळून शिडं पुसट झालेली चालतात, पण जहाजंच गायब आणि कडा गुळगुळीत झाल्या असतील तर कुणीतरी पॉलिश पेपर मारलाय. नळी, फ्रेम, ट्रिगर गार्ड, सिलिंडर आणि नळी धरून ठेवणारी ती आडवी पाचर, सगळ्यांवर नंबर एकच हवा. पाचर बदललेली मी चालवून घेतो, सिलिंडर बदललेलं अजिबात नाही.

ॲडम्स दिसायला ओबडधोबड, खरंय. पण फ्रेम आणि नळी एकाच लोखंडातून घडवलेली, सिलिंडरच्या वरून पट्टी, कोल्टसारखं उघडं नाही. मूळच्या १८५१ च्या ॲडम्समध्ये नुसता चाप ओढायचा, १८५५ मध्ये ब्रिटिश फौजेतल्या रॉयल इंजिनिअर्सच्या ब्यूमाँटने घोडा अंगठ्यानेही चढवता येईल अशी सोय केली. बार पाचच, पण जुन्या मापात ५४ बोअर म्हणजे .४४ इंचाच्या आसपास, कोल्टची गोळी लहान पडते ही तक्रार तेव्हाही होतीच. अधिकारी स्वतःच्या खिशातून घ्यायचे म्हणून सरकारी छाप नसला तरी बिघडत नाही, नाव कोरलेलं असेल तर मात्र सोनं. ते नाव त्या वर्षाच्या नेव्ही लिस्टमध्ये, म्हणजे आरमाराच्या अधिकाऱ्यांच्या छापील यादीत शोधा. मुंबईचं कंपनीचं आरमार १८३० ते १८६३ इंडियन नेव्ही या नावाने होतं, तिथल्या कुणाचं निघालं तर त्याच्यासारखं दुसरं नाही. विकणारे मात्र सर्रास सत्तावन्नला लखनौला लढलेल्या शॅनन जहाजाच्या खलाशांची गोष्ट चिकटवतात, कॅप्टन पीलचं नाव घेतात आणि कागद मागितला की विषय बदलतात. कागद नाही तर त्या गोष्टीचा एक रुपयाही देऊ नका.

माझं मत विचाराल तर नाव कोरलेलं, पेटीसकट ॲडम्स पहिलं, नाही जमलं तर लंडनचं कोल्ट, आणि लायसनची कटकटच नको असेल तर त्या काळातली बारूदाची कुपी, चामडी होल्स्टर, आरमाराची बटणं, मेडल्स यांचा संग्रह करा, त्यात पण जन्म जातो. फक्त जुन्या बाजारात रविवारी पितळी दुर्बीण आणि होकायंत्र "बोटीवरचं ओरिजिनल" म्हणून पुढे केलं तर शोपीसचाच भाव करा. आणि काहीही घेतलंत तरी ब्रासो लावू नका, पावसाळ्यात होल्स्टरमध्ये घालून तर मुळीच ठेवू नका, चामडं ओल धरतं आणि गणपतीपर्यंत लोखंडाला खड्डे पडलेले असतात.