रमणाश्रम, तिरुवण्णामलै: मौन मिळतं, शिकवणी नाही

इगतपुरीच्या विपश्यना शिबिरांची सवय असलेल्यांनी हे आधीच लक्षात घ्यावं. इथे कुणी मोबाइल जमा करून घेत नाही, घंटा वाजवून बसवत नाही. दीक्षा नाही, कोर्स नाही, रमण महर्षींच्या (1879–1950) मागे गादीवर गुरूही कुणी नाही. जुना हॉल उघडा आहे, आत जाऊन बसा, एवढंच. ज्याला बसता येतं त्याला यापेक्षा जास्त काही लागतही नाही.

हॉल लहान आहे. कोचावर महर्षींची मोठी तसबीर, समोर जमिनीवर बसलेली माणसं. भिंतीला टेकायची जागा आधी भरते, म्हणून पाठ दुखणाऱ्यांनी पहाटेच जावं. आश्रम रहदारीच्या रस्त्याला लागून आहे. हॉर्न ऐकू येतात, मोर ओरडतात, माकडं पत्र्यांवरून पळतात. ठार शांतता हवी असेल तर पहिल्याच दिवशी चिडचिड होईल.

खरं तर आत्मविचाराला, म्हणजे ‘मी कोण?’ हा शोध घेण्याच्या महर्षींच्या साधनेला, हा गोंगाट चालतो. हॉर्न ऐकला, वैताग आला. कुणाला? मला. हा ‘मी’ कोण? इथे शब्द सोडायचे आणि ‘मी’ हे स्फुरण उठतं कुठून, तिकडे लक्ष वळवायचं. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. ‘मी कोण, मी कोण’ असा जप सुरू होतो, नाहीतर ‘मी ब्रह्म’ असं पाठ केलेलं उत्तर हजर होतं. दोन्हींत मन आपल्या जागी शाबूत राहतं. तिसरी फसगत जास्त गोड असते: विचार थांबतात, बरं वाटतं, मान छातीवर कलते. तो लय, म्हणजे मन तात्पुरतं विरणं; जागं झालं की मन पुन्हा जसंच्या तसं. झापड आली की उठून चालावं.

चालायला स्कंदाश्रमाची वाट आहेच. आश्रमाच्या मागून अरुणाचल डोंगराचा चढ सुरू होतो, अर्ध्या-पाऊण तासाचा. महर्षी 1916 ते 1922 तिथे राहिले. वरून अरुणाचलेश्वर मंदिराची गोपुरं दिसतात. सकाळीच जा, अनवाणी जाणाऱ्यांचे पाय दुपारच्या दगडांवर पोळतात. खाली विरूपाक्ष गुहा आहे. आत उकडतं, पण बैठक हॉलपेक्षा घट्ट लागते.

राहण्या-जेवण्याचं शुल्क नाही, देणगी ऐच्छिक. खोल्या मोजक्या, त्यामुळे बरंच आधी कळवावं लागतं आणि मुक्काम थोड्या दिवसांचाच मिळतो. जेवण 11.30 ला, पंगतीत, पानावर. उशीर झाला तर बाहेर खावं लागेल. पौर्णिमेला 14 किलोमीटरच्या गिरिप्रदक्षिणेची गर्दी असते, कार्तिक दीपमला, म्हणजे डोंगरावर दीप लावण्याच्या उत्सवाला, तर पाय ठेवायला जागा नसते. मौनासाठी येत असाल तर हे दिवस टाळा.

नवख्यांना मात्र ही जागा सुचवणार नाही. विचारायला कुणी नसतं आणि तिसऱ्या दिवसापासून पावलं आपोआप पुस्तकांच्या दुकानाकडे वळतात.