ओसीआय कार्ड की ई-व्हिसा?

अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं की नागरिकत्व कायदा १९५५ च्या कलम ९ नुसार भारतीयत्व आपोआप संपतं. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. त्यामुळे कपाटातला जुना भारतीय पासपोर्ट, मुदत शिल्लक असली तरी, प्रवासाला वापरणं हा गुन्हा आहे. प्रवास अमेरिकी पासपोर्टवरच करायचा. प्रश्न एवढाच की सोबत काय न्यायचं: ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना भारत सरकार देतं ते कार्ड) की ई-व्हिसा.

खर्चात ई-व्हिसा स्वस्त. ओसीआयची फी २७५ डॉलर, सेवाशुल्क वेगळं; पण ती आयुष्यभराची.

खरी मेहनत कागदपत्रांची. ओसीआयसाठी आधी भारतीय पासपोर्ट जमा करून नागरिकत्व सोडल्याचं प्रमाणपत्र काढावं लागतं, आणि अर्ज बहुधा इथेच अडकतो. लग्नानंतर बदललेलं नाव, आईवडिलांच्या नावाचं वेगळं स्पेलिंग, चौकटीत न बसणारी सही यांनीही फाइल परत येते. तिकिटाआधी काही महिने हाताशी ठेवा. ई-व्हिसा ऑनलाइन, सहसा काही दिवसांत. मात्र पासपोर्ट क्रमांकातला एक अंक चुकला तरी विमानात चढू देत नाहीत.

मुक्कामाला ओसीआयवर मर्यादा नाही, नोकरीही करता येते. पर्यटक ई-व्हिसावर काम नाही, शिवाय प्रवेश ठरावीक ठिकाणांहूनच. शेतजमीन विकत घेणं आणि मतदान दोन्हीत नाही!

ओसीआय वयाच्या विसाव्या वर्षाआधी काढलेलं असेल, तर वीस पूर्ण झाल्यावर नवा पासपोर्ट आला की ते एकदा नव्याने काढावं लागतं. मुलांच्या बाबतीत हे हमखास विसरतं.

चार वर्षांतून एकदा लग्नाला येणाऱ्याला ई-व्हिसा पुरे. पुण्यात घर किंवा म्हातारे आईवडील असतील तर ओसीआयच काढा.