केबिन आणि हौदा एक केलेली एस-10 : अकरा महिन्यांनंतर

गाडी 1998ची शेवरले एस-10 पिकअप, इंजिन 4.3 लिटर व्ही-6, मुक्काम डॅलसच्या उत्तरेला. केबिन आणि हौदा जोडून एकच बॉडी करून घेतली त्याला अकरा महिने झाले, मीटरवर सहा हजार दोनशे मैल वाढले. पेट्रोल पंपावर भेटणारा प्रत्येक जण पूर्वी जिथे फट होती तिथे बोट फिरवतो आणि विचारतो, "चीर नाही पडली?" पडली. सांगतो.

आधी ती फट असते कशाला, ते. केबिन रबरी बुशांवर, म्हणजे धक्के पचवणाऱ्या रबरी गाद्यांवर, बसलेलं असतं, हौदा मात्र सरळ चॅसीला बोल्टने आवळलेला. खड्ड्यात एक चाक गेलं की चॅसी पिळते आणि दोघं आपापल्या तालात हलतात. मधली इंचभर फट ही त्यांनी एकमेकांना धडकू नये म्हणून. माझे मामा कराडला ट्रकच्या बॉड्या बांधायचे. त्यांना फोटो पाठवला तर कौतुक राहिलं बाजूला, फोनच आला : "जोडलंस ते जोडलंस, पण चॅसी डोलायची ती डोलणारच की! तिचं काय केलंस?"

फोर्डलाही हे भोवलेलं आहे. 1961च्या एफ-100मध्ये त्यांनी कारखान्यातच केबिन आणि हौदा एकसंध केला. माल भरला की दारं अडकायची, असं जुन्या गाड्यांचे शौकीन अजून रंगवून सांगतात. पुढच्याच वर्षी सुटा हौदा परत आला आणि 1963नंतर एकसंध बॉडी बंद झाली. होंडाच्या पहिल्या रिजलाइनला ते जमलं, कारण तिची बॉडी मुळातच कारसारखी एकसंध होती. गंमत म्हणजे 2017पासूनची रिजलाइन खालून एकसंध असूनही वर फट दाखवते. लोकांना पिकअप पिकअपसारखी दिसायला हवी असते!

तर माझ्या साडेसात हजार डॉलरपैकी निम्म्याहून जास्त पैसे दिसतच नाहीत. मागची चॅसी उघड्या नाळीसारखी होती. तिला पोलादी पट्टी वेल्ड करून बंद पेटी केली, आडव्या दोन पट्ट्या वाढवल्या. हौद्याचे थेट बोल्ट काढून तोही केबिनसारख्याच रबरी बुशांवर बसवला. मग पत्रा. इंचभर टाका मारायचा, थांबायचं, दुसऱ्या टोकाला जायचं, नाहीतर पत्रा तापून लाटा उठतात. हे काम गॅरेजवाल्यांनी घाई न करता केलं, तेवढं श्रेय त्यांचं.

मी स्वतः एक चाचणी करतो. सपाट जागी ड्रायव्हरच्या दाराच्या मागच्या फटीत दोन क्वार्टर (पंचवीस सेंटची नाणी) एकावर एक धरून वरून खाली सरकवायचे. मग मागचं एक चाक जॅकवर उचलून पुन्हा. पहिल्या महिन्यात सरकायचे, आजही सरकतात. वरच्या कोपऱ्यात किंचित दाबावं लागतं, इतकंच. दार एकदाही अडकलं नाही.

चीर पाचव्या महिन्यात आली. डाव्या बाजूला, हौद्याची वरची कड केबिनला मिळते त्या कोपऱ्यात, केसाएवढी, दोन इंच लांब. चॅसी वाकली की सगळ्यात जास्त ओढ तिथेच बसते. रंग खरवडला तर वेल्डिंग शाबूत, फुटली होती ती लांबी, म्हणजे रंगाखाली भरतात ती पुट्टी. पत्रा ठोकून सारखा करायच्या ऐवजी पठ्ठ्यांनी तिथे पाच-सहा मिलिमीटर लांबी थापली होती. दुरुस्ती फुकट, रंगाचे तीनशे डॉलर मात्र माझ्याच माथी. यावर अजून राग आहे. करून घेणार असाल तर लांबी भरायच्या आधी जाऊन हात फिरवून या.

आठव्या महिन्यात हायवेवरून उतरताना गाडी बंद पडली. पेट्रोलचा पंप. एस-10मध्ये तो टाकीच्या आत असतो आणि बदलायची सोपी रीत म्हणजे बोल्ट सोडून हौदा तिरका उचलणे. माझा हौदा आता कुठे उचलणार? सुदैवाने सुरुवातीलाच हट्ट धरून हौद्याच्या तळाला टाकीच्या वर झाकण कापून घेतलं होतं, आठ स्क्रू आणि रबरी गॅस्केट. "तळाची शोभा जाईल," म्हणून गॅरेजवाला नाखूश होता. अंगणात पाऊण तासात पंप बदलला. झाकण नसतं तर टाकी खालून उतरवावी लागली असती.

तोटे आहेत. छतावरचं पाणी पूर्वी फटीतून निघून जायचं, आता सांध्यामागच्या पन्हळीत साचतं. निचऱ्याला दोन भोकं आणि नळ्या आहेत, पण दारच्या ओकची पानं त्या बुजवतात. दुसरा तोटा मोठा : मागून कुणी ठोकलं तर भंगारातून हौदा आणून बसवायची सोय संपली. विमा घेताना गाडीची किंमत आधी ठरवून, फोटो जोडून घेतला.

माल? गेल्या महिन्यात मंडळाच्या नाटकाचा अख्खा सेट नेला, वर चार माणसांचं सामान. फाळका उघडा ठेवून दोऱ्या बांधल्या होत्या. कुरकुर फक्त दोऱ्यांची. मामांना आता व्हिडिओ पाठवलाय. त्यांचं उत्तर एका ओळीचं : "बुशांचे बोल्ट परत आवळलेस का?" नव्हते आवळले. शनिवारी गाडीखाली शिरलो, उजव्या बाजूचा एक अर्धा वेढा फिरला.