रॅक चांगला, पिन दरिद्री: सात महिन्यांनंतर

मापं, वजनाची मर्यादा वगैरे तुम्हाला पाठ असेल. गाडीच्या मागे, रिसीव्हरमध्ये (गाडीखालच्या चौकोनी नळीत) दांडा घालून बसवायचा सायकल रॅक: दोन इंची, ट्रेवाला, दोन सायकलींचा. पुढच्या चाकावर हूक, मागच्याला पट्टा, फ्रेमला कशाचाच स्पर्श नाही. उत्तम. मला लिहायचंय ते पिनबद्दल.

सोबत दांडा अडकवायला साधी गुळगुळीत पिन आणि तिच्या टोकाला लावायची तारेची आर-क्लिप येते. रॅक निसटू नये, एवढंच पिनचं काम. रिसीव्हर आणि रॅकचा दांडा यांच्यात थोडी फट ठेवावीच लागते, नाहीतर दांडा आत शिरणार कसा? पण ती मिलिमीटरभर फट दांड्याच्या दुसऱ्या टोकाला बोटभर होते. प्रत्येक गतिरोधकावर मागून खण्ण! आरशात बघावं तर दोन्ही सायकली माना डोलावतायत.

कंपनीला तीनदा फोन केला. "थोडं हलणं नॉर्मल आहे, सर." व्हिडिओ पाठवला तर म्हणे गाडीचा रिसीव्हर तपासा. गाडीवाले म्हणाले, रॅक तपासा.

मग माझा चिक्कूपणा जागा झाला. पत्र्याची पट्टी दुमडून फटीत ठोकली. पहिल्या फेरीत शांतता, दुसऱ्या फेरीत पट्टीच गायब. नंतर जुन्या ट्यूबचं रबर कोंबलं, ते आठवड्यात चघळून टाकल्यासारखं बाहेर आलं. यात तीन महिने घालवले.

शेवटी आट्यांची पिन घेतली. तीही आधी चुकीची, अर्ध्या इंचाची. ती सव्वा इंची रिसीव्हरला लागते. दोन इंचीला ५/८ची. दांडा पोकळ असतो, त्यात नटवाला ठोकळा सरकवून भोकासमोर आणायचा. टॉर्च तोंडात धरून, तारेने ढकलत अर्धा तास गेला. मग स्प्रिंग वॉशर घालून पिनचा बोल्ट आवळला आणि दांडा रिसीव्हरच्या एका भिंतीला चिकटून बसला. हलवून पाहिलं तर रॅकऐवजी अख्खी गाडी हलली!

इथवर लिहून ठेवलं होतं, तेवढ्यात महिन्याभराने खण्ण परत. रॅकला दोन तारे देऊन मोकळा होणार होतो. पण खाली वाकून पाहिलं तर चूक माझी. आवळलेल्या जागचा रंग घासला गेला होता आणि बोल्ट सैल पडला होता. पहिल्या फेरीनंतर पुन्हा आवळायला हवा होता, तोही लांब पान्याने. हाताचा जोर पुरत नाही. आट्यांना ग्रीस लावलं, पिनच्या कुलुपाच्या तोंडावर रबरी टोपी बसवली (एकदा चिखल जाऊन किल्ली फिरेना झाली होती).

आता चार तारे. पाचवा कापला, कारण ही पिन खोक्यातच द्यायला हवी होती.

जाता जाता: चाक सायलेन्सरच्या तोंडासमोर येत नाही ना, बघा, टायर आणि रिम भाजतात.

मागे शांतता झाल्यापासून पट्ट्याचं मोकळं टोक फडफडतं ते ऐकू येऊ लागलंय. ते त्याच ट्यूबच्या तुकड्याने बांधलंय. फुकटात.