खरड छाटणीपासून काढणीपर्यंत: ट्रॅक्टरच्या मागचे पॅलेट फोर्क वापरून

फोर्क (ट्रॅक्टरच्या मागे लावून माल उचलायचे दोन लोखंडी सुळे) घेण्याआधी पॅलेट (माल रचायच्या लाकडी फळ्यांच्या बैठका) गोळा करा. उलटं वाटेल, पण द्राक्षवेलींच्या एप्रिलमधल्या खरड छाटणीपासून द्राक्षकाढणी उरकेपर्यंत वापरल्यावर माझं मत हेच झालंय. नुसते फोर्क घरी आणले तर ते उचलणार काय? गोण्या जमिनीवर, क्रेट जमिनीवर, मोटार जमिनीवर. आधी सगळं हातानं पॅलेटवर चढवायचं आणि मग फोर्क लावायचे, म्हणजे काम वाढलंच. आमच्याकडे जड माल गाडीतून उतरतानाच पॅलेटवर उतरायला लागला, तेव्हापासून या अवजाराचे पैसे वसूल व्हायला लागले.

आमची शेती दिंडोरी तालुक्यात. द्राक्षं, थोडा कांदा, गोठ्यात चार गाई. ट्रॅक्टर ४५ एचपीचा, पुढे लोडर नाही. लोडरचा खर्च मोठा, शिवाय नांगरटीच्या वेळी त्याची अडचण, म्हणून मागच्या थ्री पॉइंट लिंकेजला, म्हणजे अवजार जोडून वर-खाली करणाऱ्या तीन दांड्यांना, लागणारे फोर्क घेतले. चौकट जवळच्या वर्कशॉपमध्ये करून घेतली. सुळे मात्र भंगारातल्या जुन्या फोर्कलिफ्टचे, घडीव पोलादाचे. पट्ट्या वेल्ड करून बनवलेले सुळे स्वस्त पडतात, पण भाराखाली वाकतात. काटकसर करायची तर रंगात करा, सुळ्यांत नको.

चौकट करून घेताना पिनांची मापं आधी तपासा. लिंकेज मापानुसार वेगवेगळ्या कॅटेगरीचं असतं: कॅटेगरी १ ची खालची पिन २२ मिलिमीटरची, कॅटेगरी २ ची २८. बुश घालून भागवता येतं, पण ढिल्या पिनेवर भार हेलकावतो. सुळ्यांमधलं अंतर कमी-जास्त करता यायला हवं, कारण १२०० बाय १००० मिलिमीटरचं पॅलेट आणि औषधाच्या ड्रमाचं छोटं पॅलेट यांची तोंडं सारखी नसतात.

जुनी पॅलेट नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या कारखान्यांतून निघालेल्या मालात मिळतात. निर्यातीच्या पॅलेटवर शिक्का असतो. ‘एचटी’ म्हणजे उष्णतेची प्रक्रिया, ती बिनधास्त घ्या. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी. ती मी गोठ्याजवळ ठेवत नाही, चाऱ्याखाली तर नाहीच.

आता कामं. खत हे सगळ्यात साधं आणि सगळ्यात फायद्याचं. युरियाची गोणी ४५ किलोची, डीएपीची ५०. बारा गोण्यांचं पॅलेट शेडमध्ये ठेवलं की पावसाळ्यात खालून ओल लागत नाही, आणि हवं तेव्हा अख्खं पॅलेट बांधावर नेता येतं. काढणीत मोठा ट्रॅक्टर ओळीत शिरत नाही, तिथं छोटाच चालतो. पण ओळीच्या तोंडाशी पॅलेट ठेवून त्यावर क्रेट रचले की पॅकिंग शेडपर्यंतची ने-आण एका माणसावर येते. शेडमध्ये तेच पॅलेट फोर्कवर कंबरेइतकं उचलून धरलं की प्रतवारी करणाऱ्या बायकांना वाकावं लागत नाही. फक्त लिफ्ट हळूहळू बसते, म्हणून खाली लाकडी ओंडके लावून भार त्यावर टेकवायचा. उचललेल्या फोर्कखाली हातपाय घालायचा नाही, ट्रॅक्टर चालू असो की बंद.

छाटणीची काडी ओळीच्या टोकाशी ओढून ठेवली तर सुळे त्या ढिगाखाली सरकवून ढीग उचलता येतो. मागच्या चौकटीला दोन उभे पाइप लावून घेतलेत, त्यामुळे काडी ट्रॅक्टरच्या टायरवर येत नाही. मुरघासाच्या पिशव्या, दुरुस्तीला न्यायची विहिरीवरची मोटार, पाचशे लिटरची टाकी ठेवून बांधावरच्या आंब्याच्या रोपांना पाणी घालणं, ही कामंही नेहमीची झाली. अंगणात फरशी टाकताना तुळशीवृंदावन बाजूला घ्यायचं होतं. आईनं आधी नारळ फोडला, मगच सुळे खाली जाऊ दिले.

माझं आवडतं काम मात्र अँगल उपटण्याचं. जुनी बाग मोडली तेव्हा वेलींच्या मांडवाचे लोखंडी अँगल जमिनीत घट्ट बसलेले. पहारीनं खणायचं म्हणजे दिवस मोडायचा. दोन्ही सुळ्यांवर आडवा जाड पाइप बांधला, त्याला साखळी, साखळीचा फास अँगलला, आणि लिफ्ट वर. अँगल सरळ वर येतो, वाकत नाही, पुढच्या बागेला पुन्हा वापरता येतो. साखळी फोर्कच्या मुळाशी घ्या, टोकाशी नको, आणि ओढताना आजूबाजूला कुणी उभं राहू देऊ नका.

मर्यादा लहान नाहीत. उचलण्याच्या ताकदीचा जो आकडा कंपन्या छापतात तो काही ठिकाणी लिंकच्या टोकाशी मोजलेला असतो, काही ठिकाणी त्याच्या ६१० मिलिमीटर मागे. कुठलाही असला तरी त्याच्या जवळ जाऊ नका, कारण लिफ्ट दमण्याआधी ट्रॅक्टरचं नाक उठतं. ट्रॅक्टरच्या स्वतःच्या वजनाच्या निदान २० टक्के भार पुढच्या चाकांवर राहायला हवा, नाहीतर स्टिअरिंग फिरतं आणि ट्रॅक्टर सरळच जातो. पुढे वजनं लावल्याशिवाय मी भरलेलं पॅलेट उचलत नाही. चढावर तर अर्धाच भार.

उंची ही दुसरी अडचण. मागची लिफ्ट साधारण कंबरेपर्यंत नेते. ट्रॉलीवर पॅलेट चढवायचं स्वप्न असेल तर सोडून द्या. वर जाताना सुळे तिरके होतात, त्यामुळे टोकं किंचित वर राहतील अशी टॉप लिंक (लिंकेजची वरची दांडी) लावून ठेवावी लागते. आणि मान! सगळं काम मागे बघून, रिव्हर्समध्ये. काढणीच्या दिवसांत संध्याकाळी मान आखडते ती आखडतेच. आमच्या काळ्या मातीत पाऊस झाला की पॅलेट रुतून बसतं आणि सुळे घालायला फट राहत नाही. त्यासाठी शेडसमोर मुरूम टाकून घ्यावा लागला.

पॅलेटवर माणूस उभा करून आंबे उतरवणं किंवा फांद्या छाटणं सगळीकडे सर्रास करतात, मी करू देत नाही. चुलतभाऊ दरवर्षी विचारतो, मी दरवर्षी शिडी देतो.

छोट्या ट्रॅक्टरवाल्यांनी, म्हणजे वीस-पंचवीस एचपीवाल्यांनी, हे घेऊ नये असं मला वाटतं. सुळे आणि चौकट यांचंच वजन एवढं की उरलेल्या ताकदीत चार-सहा गोण्या येतील, आणि तेवढ्याला हातगाडी पुरते. ४० एचपीच्या पुढचा ट्रॅक्टर आणि शेडसमोर पक्की जागा असेल तर घ्या. वर्कशॉपवाल्याला मात्र सांगा, सुळ्यांना चौकटीशी जखडणाऱ्या पिना जाड घाल. आमच्या खडबडीत वाटेनं त्या दोनदा सैल झाल्यात.